पास्कलकाकांच्या पिंपातला विस्तव

डिसेंबर अर्धा सरला की बिबवेवाडीतली थंडी आधी पायांना कळते. सकाळी फरशीवर पाऊल टेकवत नाही, दुधाच्या पिशवीला हात लावायचा तर दोनदा विचार करावा लागतो, आणि वॉचमन मंडळी कुठून कुठून पुठ्ठे गोळा करून शेकोटी पेटवतात. पुठ्ठ्याचा धूर मला मुळीच आवडत नाही. डोळे चुरचुरतात आणि पदरात काही पडत नाही. म्हणून मी संध्याकाळीच गॅलरीचं दार लावून घेते. परवा मात्र लावायला उशीर झाला आणि दारात वेगळाच धूर आला. कोळशाचा, त्यात कुठलंसं लाकूड, आणि त्यामागून चरबी, गूळ आणि मिरी यांचा मिळून येणारा तो जड, गोडसर वास. कडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांनी तो वास मला कोणी सांगितल्याशिवाय ओळखू आला, याचंच मला जास्त नवल वाटलं.

समोरच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर आयटीतली दोन-तीन मुलं होती. त्यातला एक दुसऱ्या दिवशी वाण्याकडे भेटला. मला पाहून ओशाळला. "काकू, सॉरी हां, काल स्मेल आला असेल तुमच्याकडे. पोर्क शोल्डर होता. ओव्हरनाइट स्लो स्मोक केला."

मी विचारलं, "लाकूड कसलं घातलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. चष्मा, सुती साडी, हातात अर्धा किलो पोह्यांची पिशवी. "ॲपलवूड. ऑनलाइन मागवलं."

"पेरूचं घालून बघ. फुकट मिळेल. आणि मधेच काटा अडकला होता का? सत्तरच्या आसपास?"

"चार तास, काकू. मांस शिजलं की मोबाइलवर अलार्म वाजणार होता, वाजलाच नाही. पण तुम्हाला कसं माहीत?"

मी पोहे सांभाळत घरी आले. कसं माहीत हे वाण्याच्या दुकानात सांगण्यासारखं नव्हतं.

आम्ही मूळचे नारायण पेठेतले. दोन खोल्यांतून उठून बिबवेवाडीत आलो तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला परगावी निघाल्यासारखा निरोप दिला होता. तीन मजली इमारत, आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या गॅलरीखाली तळमजल्यावरच्या पास्कलकाकांचं मागचं अंगण. अंगणात पेरूचं एक वेडंवाकडं झाड, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेलं एक तेलाचं पिंप. पिंप उभं कापून त्याचे दोन भाग केलेले होते आणि बिजागऱ्यांनी परत जोडलेले होते. खालच्या भागात विस्तव, वर जाळी, वरचा भाग म्हणजे झाकण. झाकणाला एक भोक, त्यातून डब्याच्या पत्र्याची चिमणी. खाली दोन झडपा.

पास्कलकाका मूळचे गोव्याचे. वीस-बावीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात बोट दुरुस्तीला महिनाभर अडकली, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं त्यांना डुकराचा खांदा रात्रभर मंद धुरावर शिजवायला शिकवलं. निवृत्त होऊन पुण्यात आले तरी ते एक राहिलं. दर नाताळला चोवीस तारखेला संध्याकाळी कॅम्पातून आणलेला खांदा, हाडासकट, मीठ-गूळ-मिरची-मिरी चोळून पिंपात जायचा, तो पंचवीसच्या दुपारी जेवणालाच बाहेर यायचा. आमच्या गॅलरीत त्या रात्री वाळत घातलेलं काही राहिलं तर ते दुसऱ्या दिवशी परत धुवावं लागे. आई म्हणायची, "वर्षातून एकदा आहे, धुवू की." अण्णा काही म्हणायचे नाहीत, खिडकी लावून घ्यायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं एका कारखान्याच्या भट्टीखात्यात होते. लोखंडाचे भाग ठरावीक आचेला तापवायचे, तितकाच वेळ तापलेले ठेवायचे आणि मग तेलात विझवायचे, म्हणजे ते टणक होतात. आचेच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा असे. पोळीचा तवा तापला की नाही हे ते जेवणाच्या पाटावरून सांगत, आणि आई म्हणे, "या मग, तुम्हीच लाटा."

मग एका वर्षी श्रावणात आई गेली. आठ दिवस दवाखान्यात होती. दिवसा मी असायचे, रात्री अण्णा. आठव्या रात्री पहाटे अण्णांचा खुर्चीत डोळा लागला. जाग आली तेव्हा नर्स खाटेपाशी उभी होती आणि आई गेलेली होती. अण्णांनी मला एवढंच सांगितलं, "माझा डोळा लागला होता." त्यानंतर त्या विषयावर ते बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर बाकीच्याही कुठल्या विषयावर फारसे बोलले नाहीत.

आणि त्या दिवसापासून ते रात्री झोपेनासे झाले. झोप येत नव्हती असं नाही. ते ती येऊ देत नव्हते. रात्री दहा वाजले की सगळे दिवे मालवून ते पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत चालायला लागत. जरा थांबले, भिंतीला टेकले, की दचकून पुन्हा चालू. दिवसा पेपर उघडा धरून तासभर पेंगत, तेवढीच झोप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी नीट मोजून खणात ठेवल्या. पाच महिन्यांत त्यांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. मी शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर वाऱ्यांच्या दिशा काढताना मनात एकच असायचं, की असंच चाललं तर हा हिवाळा अण्णांना निभावणार नाही. आई गेली ते माझ्या हातात नव्हतं. हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

त्या दिवाळीला आमच्या घरी तळण लागलं नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत, आणि ज्या घरी करत नाहीत त्या घरी शेजारपाजाऱ्यांनी फराळ द्यायचा असतो. नारायण पेठेत असतो तर डबे ठेवायला जागा पुरली नसती. इथे बहुतेकांनी दार उघडून चौकशी केली आणि दार लावलं. नरकचतुर्दशीला सकाळी बेल वाजली. दारात पास्कलकाकांच्या बायको, फिलूकाकू. हातात स्टीलचा डबा. डब्यात करंज्या, जरा गुबगुबीत, कडा गोव्याच्या नेवऱ्यांसारख्या मुरडलेल्या.

"दुधवाल्या बाईनं सांगितलं, तुमच्यात शेजाऱ्यांनी द्यायचं असतं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "कढई नवीन आणली हां मी. आमची मटणाची नव्हे."

अण्णांनी त्या दिवशी दोन करंज्या खाल्ल्या. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं असं ते पहिलं खाणं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात पास्कलकाका आमच्याकडे आले. जिना चढून आले हेच विशेष, कारण महिन्यापूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, थंडीत बसायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. मुलगा आखातात. पास्कलकाका कोणालाही, अगदी पोस्टमनलाही, अरे-तुरेच करत. अण्णांना सुरुवातीला ते फार लागलं होतं. पण दहा वर्षं अहो-जाहो करूनही समोरून 'तू'च येतं म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला होता.

"तू रात्रीचा जागाच असतो ना रे?" पास्कलकाका खुर्चीवर जपून टेकत म्हणाले. "माझ्या डोक्यावरच चालतोस. मी ऐकतो रोज. बावीस पावलं तिकडे, बावीस इकडे."

घरात आजवर कोणी हे तोंडावर बोललं नव्हतं.

"त्रास होत असेल तर चपला काढून चालीन," अण्णा म्हणाले.

"तसं नाय रे. मला सांग, जागतोच आहेस तर खाली येऊन जाग. मला यंदा बसता येत नाही. विस्तव राख माझा एक रात्र."

"अहो पास्कल, मी डुकराची राखण करायची?"

"डुकर मेलंय. तू विस्तवाची कर."

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग ते म्हणाले, "आच किती लागते?"

"एकशेदहा, एकशेवीस. वर नाही."

"एवढीच? आम्ही एवढ्यावर डबे गरम करायचो," अण्णा म्हणाले. पास्कलकाका गेल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी कारणही देऊन टाकलं, "त्यांनी करंज्या दिल्या होत्या." मला कारण नकोच होतं.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी अण्णा कानटोपी, मफलर आणि कारखान्यातला जुना जाड कोट घालून खाली उतरले. मीही शाल घेऊन गेले. शाळेला सुट्टी होती, आणि वर एकटीनं त्यांच्या पावलांचा आवाज नसलेलं घर ऐकत बसणं मला नको होतं. पास्कलकाकांनी पायरीवर बसून सगळं समजावलं. कच्चा कोळसा पिंपात टाकायचा नाही, शेजारच्या शेगडीत लाल करून मग चिमट्यानं आत सोडायचा. पेरूचं लाकूड मुठीएवढं, तासाला एक. धूर निळसर दिसला तर बरं, पांढरा दाट झाला तर झडप उघडायची. आणि झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या दुसऱ्या, बारक्या भोकातून बोटीवरचा एक लांब दांड्याचा थर्मामीटर खाली मांसात खुपसलेला होता. त्याची तबकडी बाहेर राही; पिंपाची आच दाखवणारा काटा झाकणावर वेगळा होता.

"हे कधी व्हायचं?" अण्णांनी विचारलं.

"उद्या. दहा, अकरा, बारा."

"जाडी किती आहे?"

"पाच इंच असेल."

"इंचाला एक तास. आठला घातलंय. एक वाजता होईल," अण्णांनी निकाल दिला.

"हे लोखंड नाही मरे," पास्कलकाका कोकणी हेलात म्हणाले. पण अण्णा तोवर झडपा बसून बघायला लागले होते.

साडेदहाला फिलूकाकू ठेवणीतला निळा झगा घालून आणि पास्कलकाका कोट घालून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, गेले. अंगणात आम्ही दोघं आणि ते पिंप. थंडी चांगली पडली होती. समोर ऊब, पाठीला गारवा, असं बसणं झालं. अण्णांनी एक स्टूल, एक खुर्ची, चिमटा, टॉर्च असं सगळं जागच्या जागी मांडून घेतलं. कोळसा फुलला की त्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. त्यांना काम करताना मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं, घरी येणारे दमलेले अण्णाच मला ठाऊक होते. हे वाकून विस्तवाचा रंग बघणारे, झडप नखभर सरकवून पुन्हा मागे सारणारे अण्णा मला नवे होते. पाऊल न मोजता ते सलग तीन तास एका जागी बसले. मी मनातल्या मनात त्या डुकराचे आभार मानले.

अकरा वाजेपर्यंत काटा भराभर चढत सत्तरला आला आणि तिथेच थांबला. साडेअकराला सत्तर. बाराला सत्तर. कुठल्याशा चर्चमधून घंटांचा आवाज आला तेव्हाही सत्तरच. अण्णांनी तबकडीवर टिचकी मारली. कोळसा वाढवला. पिंपाची आच वाढली, आतला काटा हलेना. एक वाजला. हिशेबानं काम पूर्ण व्हायला हवं होतं.

"थर्मामीटर बिघडलाय," अण्णा म्हणाले. "वर जा आणि उकळतं पाणी आण. तपासून घेतो."

मी धावत वर गेले, हाताला आलं ते पातेलं गॅसवर ठेवलं, उकळलं तसं फडक्यात धरून खाली आणलं. अण्णांनी थर्मामीटर उपटून पाण्यात बुडवला. काटा सरसर चढून अठ्ठ्याण्णववर थांबला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुण्यात पाणी शंभरला नाही उकळत, आपण उंचावर आहोत. मीटर ठीक आहे." मग पाण्यावर तरंगणाऱ्या चरबीच्या तवंगाकडे त्यांचं लक्ष गेलं. टॉर्च पातेल्यावर धरून त्यांनी विचारलं, "हे दुधाचं पातेलं का?"

"होतं," मी म्हटलं.

अण्णा हसले. मोठ्यानं नाही, नाकातून, कसंबसं. पण हसले. मला तेवढ्यानं रडू यायला लागलं, म्हणून मी उगीच शेगडीशी खुडबुड केली.

खरी चूक पुढे झाली. थर्मामीटर परत भोकातून घातला तर त्याला मांसच सापडेना. इकडे खुपस, तिकडे खुपस. शेवटी अण्णांनी झाकण उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते डुकराच्या मांसाकडे इतक्या जवळून बघत होते, आणि जाळीवरच्या त्या काळ्या, चकचकीत गोळ्यावर टॉर्च फिरवत म्हणाले, "रंग चांगला धरलाय." नीट जागा बघून, दांडा सरळ धरून त्यांनी थर्मामीटर बसवला. सगळं भट्टीखात्याच्या शिस्तीत, आणि त्या शिस्तीला दहा मिनिटं लागली. झाकण मिटेपर्यंत पिंप निम्मं गार झालं होतं.

पास्कलकाका दीड-पावणेदोनला परतले ते फाटकातूनच ओरडले, "झाकण कोणी उघडलं?" त्यांना वासावरून कळलं होतं. अण्णांनी काटा अडकल्याचं सांगितलं. पास्कलकाका पायरीवर बसले. "अडकतोच तो. तीन तास, चार तास. तेव्हाच हात लावायचा नसतो. आता जेवण संध्याकाळी होणार."

"का अडकतो?"

"ते मला काय ठाऊक. म्हाताऱ्यानं सांगितलं, थांब. मी थांबतो."

अण्णांनी पिंपाकडे बघत थोडा विचार केला. "घाम येतो त्याला," ते म्हणाले. "आतलं पाणी बाहेर येऊन वाळतं आणि आपण दिलेली आच घेऊन जातं. आच वाया जात नाही, आत काम चालू असतं. लोखंडातही होतं असं. तापवता तापवता एका ठिकाणी काटा उभा राहतो. नवीन पोरं घाबरतात आणि भट्टी वाढवतात." मग जरा वेळानं, "मीही तेच केलं." इतकं सलग बोलताना मी त्यांना श्रावणानंतर ऐकलं नव्हतं. फिलूकाकूंनी आम्हाला चहा आणि केकचा एकेक तुकडा दिला आणि नवऱ्याला दंडाला धरून आत झोपायला नेलं.

पेरूची फांदी आत धुमसत होती. अण्णांनी एकदा डोळे चोळले, उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, परत बसले. आणि विस्तवाकडे बघत म्हणाले, "तिनं हाक मारली असणार."

मी स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं.

"नर्स म्हणते, काही आवाज आला नाही. नर्सला काय, तिला चार खोल्या बघायच्या होत्या. तिनं हाक मारली असणार, पाणी मागितलं असणार. मी तीन हातांवर होतो आणि घोरत होतो." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, कारखान्यातला बिघाड सांगावा तसा. "एकटी गेली ती."

काय बोलायचं? तसं नसेल हो अण्णा, म्हणायचं? ते मी पाच महिन्यांत पन्नास वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. मला तरी कुठे ठाऊक होतं कसं होतं ते. मी त्यांच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

"हे बघ," थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला डोळा लागला तर उठव. लगेच. विस्तव दुसऱ्याचा आहे."

"उठवीन," मी म्हटलं.

या प्रकरणाची बातमी दोनच दिवसांत नारायण पेठेत पोचली. कुसुमआत्या, अण्णांची मोठी बहीण, रिक्षानं आली. चहाला हात न लावता म्हणाली, "तुझ्या आईला जाऊन वर्ष व्हायचंय, आणि हा नाताळात डुक्कर शेकत बसला म्हणे. खाल्लं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कशासाठी बसला? खायचं नाही तर राखायचं तरी कशाला?"

आत्याचा प्रश्न तिच्या जागी बरोबर होता. अण्णांनी त्या वर्षीच काय, पुढे कधीही त्यातला घास खाल्ला नाही. मी खाल्लाय, पुढच्या वर्षीपासून, फिलूकाकूंच्या स्वयंपाकघरात उभ्यानं, पावात घालून. अण्णांना ते कळत होतं. मी वर आले की ते म्हणत, "तोंड धुवून घे, आत्या यायचीये." आत्या कुठलीही यायची नसे. पण दुधाचं पातेलं आम्ही फिलूकाकूंना देऊन टाकलं, आणि दर चोवीस तारखेला अण्णा कोट चढवून खाली जात राहिले. पास्कलकाका बरे झाले तरीही. दोघं म्हातारे पिंपाच्या दोन बाजूंना बसत आणि काटा थांबला की एकमेकांकडे बघून मान हलवत. अकरा नाताळ झाले तसे. पास्कलकाका आधी गेले. मग फिलूकाकू मुलाकडे गेल्या, पिंप भंगारवाल्याकडे, आणि पेरूच्या जागी आता पार्किंग आहे.

गच्चीवरच्या त्या मुलाचा मोबाइल त्याला विस्तव उतरला की उठवतो म्हणे. सोय चांगली आहे. मला अशा गोष्टींचा राग येत नाही. फक्त त्या पहिल्या नाताळच्या रात्री अण्णांच्या उशाशी असं काही वाजणारं नव्हतं हे किती बरं झालं, असं मनात येतं.

कारण चारच्या पुढे कधीतरी अण्णांची मान कलली. आधी हनुवटी मफलरवर टेकली, मग हातातला चिमटा सैल झाला आणि मांडीवर आडवा पडला. मी वाट पाहिली. आता दचकतील, आता उठून चालायला लागतील. ते दचकले नाहीत. तोंड जरा उघडं पडलं आणि श्वास लांब लांब यायला लागला. पिंपातला विस्तव उतरत होता. झाकणावरचा आचेचा काटा शंभरच्या खाली येताना मला दिसत होता.

मी उठवायला हात पुढे केला. शब्द दिला होता, विस्तव खरंच दुसऱ्याचा होता, आणि जेवणाला वीस माणसं यायची होती. हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना. कानटोपी एका कानावरून सरकली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. इतका दमलेला माणूस इतका गाढ झोपलेला पाहिल्यावर त्याला हाक मारणं माझ्यानं होईना. घरभर आग लागली असती तरी मी आधी ती आपली आपण विझते का बघितलं असतं.

मी हळूच त्यांच्या मांडीवरचा चिमटा काढून घेतला. शेगडीत कोळसे रचले, पुठ्ठ्यानं वारा घातला, लाल झाले ते एकेक करून आत सोडले. दोन पायावर पडले, एकानं शालीला भोक पाडलं. धूर पांढरा झाला तेव्हा घाबरून दोन्ही झडपा उघडल्या, मग आच एकशेचाळीसला गेली तेव्हा घाबरून बंद केल्या. काटा कधी सत्तरवरून हलला ते माझ्या लक्षातही आलं नाही. मधल्या वेळात मी स्टुलावर बसायचे आणि अण्णांकडे बघायचे. उजाडलं. पेरूवर बुलबुल आले. फिलूकाकू दार उघडून बाहेर आल्या, अण्णांना बघून तोंडावर बोट ठेवून परत आत गेल्या आणि येऊन एक रजई त्यांच्या गुडघ्यांवर घालून गेल्या. त्यानंही त्यांना जाग आली नाही.

आठ वाजून गेल्यावर ऊन तोंडावर आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आधी काहीच कळलं नाही त्यांना. मग एकदम ताठ झाले, पिंपाकडे पाहिलं, रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"किती वाजले? विस्तव..."

"आहे. काटा पंच्याऐंशीला आलाय."

"मी झोपलो होतो."

"चार तास."

ते भडकले. कितीतरी महिन्यांत त्यांना इतकं भडकलेलं मी पाहिलं नव्हतं. "उठव म्हणून सांगितलं होतं ना तुला? कबूल केलं होतंस. का नाही उठवलंस?"

"हात पुढे केला होता, अण्णा. पण नाही उठवावंसं वाटलं. इतके छान झोपला होतात."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले, माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे, भोक पडलेल्या शालीकडे.

"तू इथेच होतीस? सगळा वेळ?"

"हो."

"माझ्याकडे बघत?"

"हो. मधून मधून कोळसे घालत. एरवी तुमच्याकडेच बघत."

अण्णांनी कानटोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. घरातून पास्कलकाकांच्या खोकण्याचा आवाज येत होता, कुठेतरी कोणीतरी रेडिओ लावला होता. बराच वेळ ते पिंपाच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते. मग त्यांची हनुवटी थरथरायला लागली. श्रावणात, दवाखान्यात, स्मशानात, दहाव्याला, कुठेही ती अशी थरथरली नव्हती.

"तिच्या खाटेवरून," ते म्हणाले, "माझी खुर्ची समोरच दिसत होती."

"दिसत होती, अण्णा," मी म्हटलं. "मी दिवसभर त्याच खुर्चीत असायचे."